केवढ्याला द्याल?

हस्तकलेच्या कुठल्याही प्रदर्शनात अर्धा तास उभं राहा. कुणीतरी लोकरीचा स्वेटर उचलतं, आतली बाजू बाहेर काढून बघतं, बाही ओढून ताण पाहतं आणि मग ठरलेला प्रश्न येतो, ‘केवढ्याला द्याल?’ विणणाऱ्या बाई चाचरत आकडा सांगतात. ‘अहो, एवढ्यात बाहेर दोन येतात!’ बाई कसनुसं हसतात आणि स्वेटरची घडी घालून ठेवतात.

बाहेर दोन येतात, हे खोटं नाही. पण एकदा हिशेब मांडून बघूच. 38 इंच छातीचा, पूर्ण बाह्यांचा स्वेटर धरा. मध्यम जाडीची लोकर; इंचाला साडेपाच टाके आणि सात ओळी. पाठ वीस इंच रुंद म्हणजे 110 टाके, चोवीस इंच लांब म्हणजे 168 ओळी. एकट्या पाठीचेच साडेअठरा हजार टाके झाले. पुढची बाजू तेवढीच. दोन्ही बाह्या मिळून सोळा हजार. गळ्याची पट्टी सोडून बेरीज 53,000 च्या घरात जाते. बसलेला हात मिनिटाला पंचवीसेक टाके घालतो. म्हणजे पस्तीस तास. शिलाई, मापं आणि चुकून उसवलेलं यांत धरलेलं नाही. आता पस्तीस तासांची मजुरी लावा. बाईंनी सांगितलेला आकडा नुसत्या लोकरीचाही धड नव्हता, हे लगेच लक्षात येईल.

डोंबिवलीत एका सोसायटीच्या हॉलमध्ये दर आठवड्याला दुपारी दहाबारा जणी विणायला बसतात. हा हिशेब मी त्यांच्यापुढे ठेवला तेव्हा सगळ्या हसायलाच लागल्या. ‘टाके मोजायचे असतात ते सुईवरचे. स्वेटरचे कोण मोजतं?’ असं म्हणून सत्तरी ओलांडलेल्या एका काकूंनी माझा कागद बाजूला सरकवला आणि त्याच्यावर लोकरीचा गुंडा ठेवला. त्यांची निम्मी नोकरी कल्याण-व्हीटी लोकलमध्ये गेली. लेडीज डब्यात बसायला मिळालं की पर्समधून सुया निघत. कुणी भाजी निवडायची, कुणी पोथी वाचायची, या विणायच्या. ‘ठाण्यापर्यंत बॉर्डर, दादरपर्यंत चार बोटं पाठ. उभं राहून जायचं असेल त्या दिवशी मात्र सुटी. सुया कुणाच्या डोळ्यात जायच्या!’ आता त्या नातीसाठी कुंची विणताहेत. नात टोरांटोत असते. तिथे थंडीला तोटा नाही आणि कुंचीला दुकान नाही.

मुंबई-ठाण्यात लोकरीचं विणकाम कशाला, हा प्रश्न रास्त आहे. आपल्याकडे थंडी ती किती, आणि जी आहे ती नाशिक, महाबळेश्वर, विदर्भात. देशावरची खरी लोकर म्हणजे धनगरांच्या मेंढ्यांची. ती जाडीभरडी, टोचणारी. तिचं सूत काढून सनगर विणकर मागावर घोंगडी विणतात आणि ताण्याला चिंचोक्याची खळ लावतात. सुयांवरच्या मऊ विणकामाचा त्या लोकरीशी संबंध नाही. आपल्या आया-मावश्यांनी विणली ती लुधियानाहून आलेली, वर्धमान-ओसवालची. आणि तीही बहुतेक वेळा लोकर नव्हतीच. कॅशमिलॉन म्हणून जे रंगीबेरंगी गुंडे घरोघरी होते ते ॲक्रिलिक, मेंढीने न पाहिलेलं. त्याला लोकर म्हणायचं हे मराठी घरांनी ठरवून टाकलं आणि ते बरंच केलं. ते मऊ असतं, बाळाला टोचत नाही, कसर लागत नाही आणि घरी धुता येतं.

थंडी नसली तरी निमित्त असतंच. मराठी विणकाम मुख्यतः बाळासाठी झालं. कुंची, टोपडं, मोजे, झबल्यावर घालायचं बिनबाह्यांचं जाकीट. सून-लेकीला दिवस गेले की सुया बाहेर निघायच्या आणि रंग ठरवताना पिवळा किंवा पांढरा निघायचा, म्हणजे काहीही झालं तरी चालेल. त्याच्या जोडीला क्रोशा होता. त्याला थंडीची गरज नाही. अँकरचा सुती दोरा आणि एक आकडी असली की झालं. मग ताटावरचा रुमाल, दाराचं तोरण, चौरंगाची झालर, टेलिफोनवरचा रुमाल, टीव्हीवरचा रुमाल, आणि फ्रिजच्या मुठीला अंगरखा. आमच्या लहानपणी टीव्हीला माणसापेक्षा जास्त कपडे असत. यातलं पुष्कळसं कुरूप होतं, हेही सांगून टाकलं पाहिजे. पण करणारीला त्या रुमालाची गरज नव्हती. तिला दुपार हवी होती.

देशाच्या कामी हे विणकाम आलं ते 1962 च्या चीन युद्धात. हिमालयातल्या चौक्यांवर जवान अपुऱ्या कपड्यांनिशी उभे आहेत, हे कळल्यावर देशभर बायकांनी सुया उचलल्या. त्याच नोव्हेंबरात यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून मुंबईहून दिल्लीला गेले. इथे चाळीचाळींतून स्वेटर, मोजे, मफलर गोळा होत होते. कधीही न भेटलेल्या माणसाच्या मापाचा स्वेटर विणणं, ही कल्पनाच विलक्षण आहे.

*

डोंबिवलीच्या बैठकीत मी फक्त बघायला गेलो होतो. तसं बसू देत नाहीत. 10 नंबरच्या दोन सुया हातात आल्या. आपल्याकडे सुयांचे नंबर अजून जुन्या इंग्रजी पद्धतीचे आहेत आणि ते उलटे चालतात. 8 नंबर जाड, 12 नंबर बारीक. 10 नंबर म्हणजे सव्वातीन मिलिमीटर. सुयांवर ‘पोनी’ लिहिलेलं होतं. त्या निलगिरीतल्या केटी गावी तयार होतात, हे तिथल्याच एकीने सांगितलं.

एवढ्या मोठ्या कलेत मुळाक्षरं दोनच आहेत, हे कळल्यावर मी चकित झालो. सुलट आणि उलट. आणि ती दोनही नाहीत खरं तर, कारण समोरून सुलट दिसणारा टाका मागून उलटच असतो. सगळ्या ओळी सुलट विणल्या की जाडसर, आडव्या कण्यांची वीण येते. एक ओळ सुलट आणि एक उलट अशी जोडी चालू ठेवली की दुकानातल्या स्वेटरसारखी गुळगुळीत वीण येते, पण ती कडांना गुंडाळी घेते. एक टाका सुलट, एक उलट आणि पुढच्या ओळीत त्याच्या बरोबर विरुद्ध केलं की दाणे उठतात. ती साबुदाण्याची वीण. दोन सुलट-दोन उलट एकावर एक चढवत गेलं की ताणणारी बॉर्डर. टाके आडव्या सुईवर काढून एकमेकांवरून ओलांडले की वेणी. मोरपंखी, जाळीची, पानाफुलांची, सगळी घराणी याच दोन टाक्यांतून निघालेली.

माझा एक टाका सुईवरून घसरला. तो पाच-सहा ओळी खाली धावत गेला आणि मागे नुसती शिडी उरली. मी घाबरलो. शेजारच्या मावशींनी क्रोशाची आकडी घेतली, खाली निसटलेला फास तिच्यावर धरला आणि शिडीची एकेक पायरी त्या फासातून वर ओढून घेतली. ‘ही पहिली, ही दुसरी...’ सहाव्या पायरीनंतर टाका सुईवर परत बसला. कुठे सुटला होता ते शोधूनही सापडेना. गरजेपेक्षा जास्त वेळ मी त्या जागेकडे बघत राहिलो.

हे या कलेचं मोठेपण आहे. स्वेटर म्हणजे एक सलग धागा, स्वतःच्याच फासांत अडकवलेला. शेवटचा टाका सोडून ओढलं की सगळा स्वेटर पुन्हा धागा होतो. कापडाला कात्री लागली की विषय संपला. विणकामाचं तसं नाही. साठ-सत्तर सालच्या घरांत थोरल्याचा स्वेटर आखूड झाला की तो उसवला जाई. उसवलेली लोकर कुरळी निघते. ती खुर्चीच्या पाठीभोवती गुंडाळून लच्छी करायची, चार ठिकाणी दोऱ्याने बांधायची, कोमट पाण्यातून काढायची आणि खाली तांब्या अडकवून दोरीवर टांगायची. वाळेपर्यंत कुरळेपण बरंचसं जातं. मग तीच लोकर दुसऱ्या रंगाची पट्टी घालून धाकट्याच्या अंगावर. एकाच लोकरीने तीन भावंडं काढली, अशी कितीतरी घरं असतील. हे काटकसरीने झालं हे खरंच. पण विणायला पुन्हा मिळतं, हाही आनंद त्यात होता, असं मला त्या बायकांकडे बघून वाटतं. त्या अजूनही मनासारखं झालं नाही तर अर्धा स्वेटर उसवतात आणि उसवताना त्यांच्या चेहऱ्यावर दुःख दिसत नाही.

*

कागदाचा स्वभाव नेमका याच्या विरुद्ध. कागद एकदा दुमडला की दुमडला. उलगडून, इस्त्री करूनही घडीची रेघ राहते, कारण तिथले तंतू मोडलेले असतात. म्हणून कागदकाम करणारा माणूस आधी हवेत घडी घालून बघतो, मग कागदावर.

आपण सगळ्यांनी पहिली घडी घातली ती होडीसाठी. साधी होडी, मग शिडाची, नांगरहोडी, बंबहोडी. शाळेच्या वहीचं मधलं जोडपान त्यासाठीच असायचं. ही विद्या कुणी शिकवल्याचं आठवत नाही. पावसाळा आला की ती गल्लीत आपोआप पसरायची. याच घड्यांमध्ये भूमितीचा आख्खा अभ्यासक्रम लपलेला आहे, हे ज्याने पहिल्यांदा नीट लिहून काढलं तो आपल्याच देशातला. मद्रास इलाख्यातले टी. सुंदर राव हे महसूल खात्यात अधिकारी होते. 1893 मध्ये त्यांनी मद्रासमध्ये एक इंग्रजी पुस्तक छापलं: कागदाच्या घड्यांतून भूमिती. कंपास नाही, पट्टी नाही. चौकोनी कागद आणि नख. त्यातून समभुज त्रिकोण, पंचकोन, पुढे पुढे तर वक्रसुद्धा. कल्पना त्यांना सुचली ती जर्मन शिक्षणतज्ज्ञ फ्रोबेलच्या बालवाडीतल्या साहित्यावरून. त्यात आठव्या क्रमांकाला कागदाच्या घड्या होत्या आणि सुंदर रावांनी प्रस्तावनेत ते सांगूनही टाकलं आहे. जर्मनीतला त्या काळचा अग्रगण्य गणिती फेलिक्स क्लाइन याने आपल्या व्याख्यानांत या पुस्तकाचा उल्लेख केला, तिथून ते अमेरिकेत गेलं आणि 1901 मध्ये तिथे त्याची आवृत्ती निघाली. जर्मन बालवाडीतून मद्रासच्या कचेरीत, तिथून पुन्हा जर्मन विद्यापीठात. एका छंदाचा हा प्रवास बघा.

पुढे ही वाट आपल्याकडे रुळली ती अरविंद गुप्तांमुळे. पुण्यात आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेतल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी वर्षानुवर्षं वर्तमानपत्राच्या टोप्या, उडणारे मासे, चोच हलवणारे पक्षी मुलांकडून करून घेतले आणि त्यांची पुस्तकं मराठीसह अनेक भाषांत फुकट उपलब्ध करून दिली. 2018 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. मुंबईत ‘ओरिगामी मित्र’ नावाचा गट आहे. त्यांच्या प्रदर्शनात एकाच न कापलेल्या कागदातून निघालेले प्राणी बघायला पालक मुलांना घेऊन येतात आणि मुलांपेक्षा जास्त वेळ रेंगाळतात.

ओरिगामीला आजचं रूप दिलं ते अकिरा योशिझावा या जपानी माणसाने. 1911 चा जन्म. तरुणपणी कारखान्यात काम केलं, मग दारोदार खाण्याच्या वस्तू विकल्या, आणि उरलेल्या वेळात घड्या. तुटक रेघ, ठिपक्यांची रेघ आणि बाण यांची जी चित्रलिपी आज जगातल्या प्रत्येक ओरिगामीच्या पुस्तकात असते, तिचा पाया त्याचा. कागद किंचित ओला करून दुमडायचं तंत्रही त्याचंच. त्यामुळे कागदी हत्तीच्या पाठीला खरा बाक आला. आयुष्यात त्याने हजारो आकृत्या केल्या. त्या भेट म्हणून दिल्या, प्रदर्शनांना उसन्या दिल्या. विकायला मात्र काढल्या नाहीत. केवढ्याला द्याल, हा प्रश्न त्याच्यापुढे संपलेलाच होता.

*

दिवाळी अंकात कागदकामावर लिहायचं आणि आकाशकंदिलाबद्दल बोलायचं नाही, हे शक्य नाही.

माहीमच्या कंदील गल्लीत दसऱ्यानंतर चालणं मुश्कील होतं. डोक्यावर कंदील, दोन्ही बाजूंना कंदील, पोलिसांच्या शिट्ट्या आणि ‘दादा, हा मोठा कसा दिला?’ चांदणी, मोर, कमळ, घडीचे, कापडी, थर्माकोलवर बंदी आल्यावर पुठ्ठ्याचे. या सगळ्या गर्दीत मधूनच जुना पारंपरिक कंदील लटकताना दिसतो. बांबूच्या कामट्यांचा, पतंगाच्या कागदाचा, खाली झिरमिळ्या आणि शेपट्या.

तो कसा बांधतात ते जवळून बघण्यासारखं आहे. सारख्या लांबीच्या चोवीस कामट्या घ्यायच्या. त्यांचे सहा चौकोन बांधायचे. यातले चार चौकोन टोकावर उभे करायचे, म्हणजे शंकरपाळ्यासारखे, आणि बाजूची टोकं एकमेकांना बांधून गोल फेर करायचा. मग वरच्या चार टोकांवर पाचवा चौकोन आडवा, खालच्या चार टोकांना सहावा. एवढं केलं की मध्ये आपोआप आठ त्रिकोण तयार होतात. त्यांच्यासाठी वेगळी काडी लागत नाही. चौकोनांना एक रंग, त्रिकोणांना दुसरा. कागद चिकटवायला मैद्याची खळ, आणि झुरळांनी ती खाऊ नये म्हणून तिच्यात चिमूटभर मोरचूद.

सहा चौकोन, आठ त्रिकोण, चोवीस कडा, बारा कोपरे. ही आकृती गणितात प्रसिद्ध आहे. सगळ्या बाजू सुसम, सगळे कोपरे सारखे, पण पृष्ठभाग दोन किंवा तीन प्रकारचे, अशा मोजून तेरा घनाकृती आर्किमिडीजच्या नावावर आहेत. त्यांतली ही एक. चाळीच्या गॅलरीत बनियनवर बसून सुतळीने गाठी मारणाऱ्या पोरांना हे कुणी सांगितलेलं नसतं. कामट्या एक सूतभर जरी लहानमोठ्या झाल्या तर शेवटचा चौकोन बसत नाही आणि कंदील कलंडतो, एवढं त्यांना पक्कं माहीत असतं. भूमिती पेपरात येण्याआधी हातात येते ती अशी.

आणि असा गॅलरीत बसून कंदील करणाऱ्यांपैकी कुणीही तो विकायला करत नाही. मी आमच्या भागात चौकशी केली. ज्या इमारतींत अजून मुलं मिळून मोठा कंदील बांधतात, तिथे खर्च विकतच्या कंदिलापेक्षा जास्त होतो. कामट्या आणायला लांब जावं लागतं, कागद दोनदा फाटतो, आणि भज्यांचा खर्च वेगळा.

*

लोकर आणि कागद ही दोन टोकं मला वेगळी वाटत होती. ती कुठे भेटतात ते पुण्यात कळलं.

शिवाजीनगरला हातकागद संस्था आहे. गांधीजींच्या ग्रामोद्योग चळवळीतून प्रेरणा घेऊन के. बी. जोशी यांनी 1940 मध्ये उभी केलेली. हातकागद झाडापासून नव्हे, चिंध्यांपासून होतो. सुती कापडाची कात्रणं, आणि त्यातही आवडीचं म्हणजे बनियन-टीशर्टच्या कारखान्यातली पांढरी कात्रणं. बनियनचं कापड मागावर विणलेलं नसतं. ते यंत्रावर फासांनी विणलेलं असतं, आपल्या आजीच्या सुलट-उलटसारखंच. म्हणजे आधी विणकाम, मग त्याचा कागद. कात्रणं निवडायची, बारीक तुकडे करायचे, पाण्यात कुटून लगदा करायचा. तो लगदा हौदात पातळ करायचा. जाळीचा साचा त्यात बुडवून सपाट वर उचलायचा. पाणी गळून जातं आणि जाळीवर एक ओला थर राहतो. तो कापडावर उलटा टाकायचा, थरावर थर रचून दाबायचे, मग एकेक सुटा करून वाळवायचा आणि शेवटी घोटायचा. साचा उचलताना हाताला एक अगदी लहानसा हिसका द्यावा लागतो, पुढे-मागे आणि डावी-उजवीकडे, म्हणजे तंतू एकमेकांत अडकतात. बस्स, त्या हिसक्यातच कागदाची ताकद असते.

महाराष्ट्राला हे नवीन नाही. पेशवे दफ्तरातले रुमाल सोडले की जुन्नरी आणि दौलताबादी कागद हाताला लागतो, दोनशे वर्षांनंतरही शाबूत. दौलताबादजवळ कागजीपुरा नावाचं गाव आहे. तुघलकाने राजधानी हलवली तेव्हा दिल्लीहून आलेल्या कारागिरांनी ते वसवलं, असं तिथे सांगतात. पुण्याच्या कसबा पेठेतही कागदीपुरा आहे, नावापुरता. गिरणीच्या कागदाने या गावांचा धंदा बसवला. आज हातकागद टिकला आहे तो लग्नपत्रिका, डायऱ्या आणि छंदिष्टांच्या जिवावर. जलरंगात काम करणारे, हाताने वह्या शिवणारे, क्विलिंगच्या बारीक पट्ट्यांपासून पाकळ्या वळणारे लोक पुण्याच्या संस्थेत येतात, कागद बोटांच्या चिमटीत धरून कानाजवळ खडखडवतात आणि मग घेतात. बाजारात त्यांची संख्या नगण्य. पण तेवढ्याच लोकांना कागदातला फरक कळतो.

कागद आणि लोकर यांची दुसरी भेट आणखी मजेची आहे. गणितात एक असा पृष्ठभाग असतो की जो पुढे जाईल तसा बेसुमार फुगत, चुण्या घेत जातो; लेट्यूसच्या पानाची कड असते तसा. त्याच्यावर एका रेषेला बाहेरच्या एका बिंदूतून अनेक समांतर रेषा काढता येतात. शाळेत शिकलेली युक्लिडची भूमिती तिथे चालत नाही. हा पृष्ठभाग विद्यार्थ्यांना दाखवायचा कसा? कागदाच्या कंकणाकृती पट्ट्या चिकटवून त्याचे नमुने करत. पण ते हाताळून फाटत. 1997 मध्ये अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात डायना तैमिना या लाटवियन गणितज्ञ बाईंनी असा एक झिजलेला कागदी नमुना बघितला आणि तोच क्रोशाने विणायचं ठरवलं. नियम एकच: ठरावीक टाक्यांनंतर एक टाका जादा. आपल्याकडच्या कुठल्याही काकूला झालर करायची असली की ती हेच करते. गणितज्ञांनी शतकभर ज्याची चित्रं काढायची धडपड केली ते टेबलावर मऊ, रंगीत आणि न फाटणारं येऊन बसलं. पुढे त्याच युक्तीने लोकरीची प्रवाळबेटं विणण्याचा एक मोठा जागतिक उपक्रमही निघाला. डोंबिवलीच्या काकूंना मी हे सांगितलं, तर त्या म्हणाल्या, ‘झालरीला एवढं शिकावं लागतं होय!’

*

या सगळ्यात पुरुष कुठे आहेत? आमच्या शाळेत मुलींना शिवण-विणकाम आणि मुलांना सुतारकाम होतं. त्यामुळे निम्मा समाज सुईला घाबरून मोठा झाला. विणकाम बायकांचंच, हा नियम कुठे लिहिलेला नव्हता. पेरूमध्ये टिटिकाका सरोवरात ताकिले नावाचं बेट आहे. तिथे विणकाम पुरुषांचं आहे. मुलगे लहानपणापासून सुया चालवतात आणि स्वतःची टोपी स्वतः विणतात. टोपीवरून माणसाचं लग्न झालंय की नाही ते कळतं. युनेस्कोने 2005 मध्ये या कलेची दखल घेतली. आपल्याकडेही आता हवा बदलते आहे. पुण्यात आयटी कंपनीत काम करणारा एक तरुण मला भेटला. तो घरी क्रोशाने लहान लहान प्राणी करतो. जपानी पद्धतीचे, आत कापूस भरलेले. तो यूट्यूबवर शिकला. आजीला विचारायची लाज वाटली, असं म्हणाला. आजीला कळलं तेव्हा तिने त्याची आकडी धरायची पद्धत चुकीची ठरवली आणि पहिला ससा पूर्ण उसवायला लावला.

हल्ली या छंदांना ‘थेरपी’ म्हणायची पद्धत आली आहे. विणल्याने ताण जातो, घड्यांनी एकाग्रता वाढते. असेलही, पण मला हे बोलणं आवडत नाही. औषध म्हणून घेतलेल्या लाडवाची चव लागत नाही. दुसरी पद्धत म्हणजे ‘घरबसल्या कमवा’. विणणारी बाई दिसली की भाचा तिला पेज काढून देतो, नणंद ऑर्डर आणते, आणि वर्षभरात ती बाई नको असलेल्या रंगात, नको असलेल्या मापाचे, वेळेत संपवायचे पंधरा स्वेटर विणत बसते. मग सुया माळ्यावर जातात. ज्यांना पोटासाठी विकावं लागतं त्यांच्याबद्दल मी बोलत नाही. आंध्रातल्या नरसापूरच्या क्रोशाच्या लेस विणणाऱ्या बायकांवर मारिया मीस या समाजशास्त्रज्ञ बाईंनी 1982 मध्ये पुस्तक लिहिलं. त्या बायका दिवसभर राबत होत्या आणि ‘रिकाम्या वेळात करतात’ या नावाखाली त्यांना कवडीमोल मजुरी मिळत होती. हातकामाला छंद म्हणायचं आणि त्यातून धंदा करायचा, हा खेळ जुना आहे. छंद असेल तर तो पूर्ण छंद असावा. काम असेल तर पूर्ण मजुरी मिळावी.

आणि पैशाशिवाय मोठं काही होत नाही, असंही नाही. 2016 मध्ये चेन्नईत देशभरातल्या बायकांनी मिळून 11,148.5 चौरस मीटरचं क्रोशाचं पांघरूण मांडलं आणि गिनीजच्या पुस्तकात नोंद केली. प्रत्येकीने आपल्या घरी चौकोन विणले होते, लोकर पदरची. नोंद झाल्यावर ते पुन्हा सुटे करून गरजूंना पांघरायला दिले.

तर, दिवाळीनंतर थंडी पडेल, थोडीफार. 10 नंबरच्या सुयांची एक जोडी आणि चार गुंडे लोकर आणा. फिका रंग घ्या, गडद रंगावर टाके दिसत नाहीत. पहिल्यांदा मफलर विणायला घ्या, सगळा सुलट. तो तिरका येईल, येऊ द्या. शेजारच्या काकूंना अडेल तिथे विचारा, त्या वाटच बघत असतात. पुढच्या वर्षी घटस्थापनेलाच चोवीस कामट्या आणून ठेवा, ऐनवेळी मिळत नाहीत. आणि एखाद्या प्रदर्शनात कुणाचा स्वेटर हातात घेतलात, तर घ्यायचा असेल तेव्हाच किंमत विचारा, आणि सांगतील ती द्या.